स्टार आला नाही म्हणून फॉर्म काढायचे का?

प्रश्न: ताई, मी इंदूरला सायकॉलॉजीत पीएचडी करतेय. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, खाण्याची गाडी लावणाऱ्या 140 जणांकडून झोप आणि चिडचिड यावर फॉर्म भरून घेतले, चार महिने बाबांच्या स्कूटरवर मागे बसून जायचे. एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर काही संबंधच निघेना. गाइड म्हणतात, वयाप्रमाणे गट पाडून बघ, बायका वेगळ्या काढ, दहा-बारा फॉर्म आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे, म्हणून उडव, कुठेतरी स्टार (निकाल नुसता योगायोग नसावा अशी सॉफ्टवेअरची खूण) येईलच. सगळे असंच करतात म्हणे. काय करू?
— एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर: अगं, स्टार येईलच हे सर खरं बोलले आणि मला भीती त्याचीच वाटते. 0.05 ची पट्टी (म्हणजे एका टेस्टमध्ये चुकून स्टार यायची शक्यता 5 टक्के) लावून वीस वेगवेगळ्या टेस्ट केल्या तर मुळात काही नसतानाही एखादा तरी स्टार यायची शक्यता 64 टक्के असते, हा हिशोब कागदावर मांडून सरांना दाखव, भांडू नकोस. 2015 मध्ये सायकॉलॉजीचे 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, आधी 97 टक्क्यांत स्टार होता, पुन्हा केल्यावर 36 टक्क्यांत उरला. त्यात सगळे काही खोटारडे नव्हते गं, पण लहान सॅम्पल आणि असं इकडून तिकडून बघणं, यानेच पुष्कळ नुकसान होतं.

ज्या माणसाने तव्यावरून हात न काढता तुला सांगितलं की तीन तास झोपतो पण चिडत नाही, त्याचा फॉर्म कसा उडवशील? आउटलायरचा नियम डेटा बघायच्या आधी ठरतो.

तर निघालं तसंच लिही. 140 मध्ये मध्यम संबंध असता तर बहुतेक दिसला असता, अगदी बारीक असेल तर निसटलाही असेल, हेही लिही. वय पाडून जरूर बघ, फक्त किती वेळा काय काय पाडलं ते सगळं सांग आणि त्याला एक्सप्लोरेटरी, म्हणजे नुसतं चाचपून पाहिलेलं, म्हण. प्रीरजिस्ट्रेशन, म्हणजे काय तपासणार ते आधीच नोंदवून ठेवणं, आता मागच्या तारखेने होत नाही, पुढच्या अभ्यासाला ओएसएफ या वेबसाइटवर फुकट होतं. काही जर्नल्स तर आता नुसता प्लॅन वाचून पेपर घेतात, निकाल काहीही येवो, 2013 पासून हे सुरू झालंय.

डेटा सगळ्यांना बघायला उघडा ठेवायचा असेल तर त्या लोकांची परवानगी घेतली होतीस का ते आधी बघ. मोबाइल नंबर काढलास तरी पुरत नाही, सराफ्यात 'कोपऱ्यावरचा भुट्ट्याचा किस, वय 61' एवढ्यावरून माणूस ओळखतात.