वेल्डिंग शॉपमधल्या धुरासाठी कोणता फिल्टर घ्यावा?

वेल्डिंग आणि रंगकाम एकाच शेडमध्ये चालत असेल, तर एका फिल्टरवर भागणार नाही. वेल्डिंगचा धूर म्हणजे बहुतेक 1 मायक्रॉनहून बारीक धातूचे कण. रंगातल्या थिनरचा वास म्हणजे वाफ, ती हेपा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरमधूनही आरपार जाते. तिला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनच (वाफ शोषून घेणारा खास कोळसा) लागतो.

धुरासाठी पल्स-जेटने (आतून हवेचे झटके देऊन) आपोआप साफ होणारा कार्ट्रिज फिल्टर, म्हणजे घड्या घातलेल्या कागदाचा नळकांडी फिल्टर, घ्या. त्याच्या आधी ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर हवाच, ठिणगी आत गेली तर कार्ट्रिज पेटू शकतो. स्टेनलेसचं काम असेल तर धुरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) येतं, म्हणून साफ झालेली हवा शेडमध्ये परत न सोडता बाहेरच काढा. वेल्डिंगचा धूर कॅन्सरकारक असल्याचं आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) 2017 मध्येच ठरवलंय, इथे पैसे वाचवू नका.

पण खरी मेख हुडमध्ये, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या तोंडामध्ये, असते. हुडचं धुरापासूनचं अंतर दुप्पट झालं की ओढ साधारण चौथाईवर येते. डोक्यावरचा मोठा हुड तर धूर वेल्डरच्या तोंडासमोरूनच वर नेतो. हलवता येणारा आर्म (टोकाला हुड असलेली नळी) घ्या, त्याचं तोंड जॉबपासून वीतभर अंतरावर आणि बाजूला ठेवा.

विक्रेत्याकडून डिफरन्शियल प्रेशर गेज (फिल्टरच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक दाखवणारं मीटर) बसवूनच घ्या. काटा कंपनीने दिलेल्या मर्यादेवर पोचला की कार्ट्रिज बदला. पोरांना तो बाहेर काढून कॉम्प्रेसरच्या हवेने झटकायला कधीही लावू नका: कागद फाटतो आणि साठलेली सगळी धूळ त्यांच्याच छातीत जाते.