आधी कच्चं रेकॉर्डिंग उघड

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लॅबमध्ये जागा मिळाल्याचा आनंद दोन ओळी आणि पुढची दोन पानं नुसती धास्ती. गणित येतं, कोड लिहिता येतो, पण चेतापेशी जन्मात पाहिली नाही. मग रुजू व्हायच्या आधीच्या सहा आठवड्यांत जीवशास्त्राचा जाडजूड ग्रंथ संपवू की मशीन लर्निंगचा आणखी एक कोर्स करू? दोन्ही राहू दे. आजच लॅबला लिही, मला एखादं जुनं रेकॉर्डिंग द्या. गाळलेलं, निवडलेलं नको. उंदराच्या मेंदूत रोवलेल्या इलेक्ट्रोडवरून उतरलं तसं, कच्चं.

ते उघड आणि एकच सेकंद पडद्यावर ताणून बघ. एकेका चॅनलवर, म्हणजे इलेक्ट्रोडच्या एकेका टोकावर, सेकंदाला ३०,००० च्या आसपास नमुने असतील. आधी नुसतं गवत दिसेल. बघत राहा. मग त्या गवतातून एक बारीक सुई खाली झेपावते आणि मिलिसेकंदभरात सावरते. ती स्पाइक, चेतापेशी पेटल्याची विजेची खूण. शेजारच्या चॅनलवर तीच जरा बुटकी, आणखी पलीकडे तिचा मागमूस नाही, कारण पेशीपासून दूर गेलं की सिग्नल झपाट्याने विरतो. आणि सगळ्या चॅनलवर एकाच क्षणी सारख्याच उंचीची उडी दिसली, तर ती पेशी नव्हे. उंदीर दचकला असेल, वायर हलली असेल. हे ओळखायला ग्रंथ लागत नाही, बूड टेकून बसावं लागतं.

मी हे कसं शिकले ते ऐक. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला एक देखणा न्यूरॉन सापडला. उंदराला बक्षिसाचं पाणी सुटलं की हा पठ्ठ्या २ मिलिसेकंदांत हजर, एकदाही चुकणार नाही. कुठली स्पाइक कुठल्या पेशीची ते ठरवणाऱ्या सॉर्टिंगच्या प्रोग्रामने त्याला १४ नंबर दिला होता आणि मी प्रोग्रामवर विसंबले. आठ महिने त्याचं मॉडेल रचलं. पॅरामीटर इतके चपखल बसले की मीच माझ्यावर खूश. मग एके संध्याकाळी लॅबमधल्या तंत्रज्ञाने तो चॅनल स्पीकरला जोडला, क्षणभर कान दिला आणि म्हणाला, "ही तर पाण्याची झडप." झडप उघडताना विजेची उसळी यायची, ती इलेक्ट्रोड टिपायचा. जिभेवरची खबर मेंदूच्या त्या भागात २ मिलिसेकंदांत पोचूच शकत नाही, हे मला कळायला हवं होतं. कळत होतं की! पण कच्चं रेकॉर्डिंग मी एकदाही उघडलं नव्हतं. त्या माणसावर मी चारचौघांत ओरडले. त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

तेव्हापासून कच्चं रेकॉर्डिंग स्वतः बघितल्याशिवाय मी कुठल्याही शोधनिबंधावर माझं नाव घालू देत नाही. त्यापायी दोन सहकारी तुटले. बरोबरीचे पुढे गेले, माझ्या नावावर मोजकेच निबंध. हटवादी म्हणतात, म्हणोत. तुटलेल्यांपैकी एकाचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. हे इथे लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.

तू म्हणतेस, मला मॉडेलिंग करायचंय, चेतापेशी कशी पेटते ते मांडणाऱ्या हॉजकिन आणि हक्सलींच्या समीकरणांनी वेड लावलंय. मग त्यांनी काय केलं तेही बघ ना! स्क्विड या समुद्री प्राण्याच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या चेतातंतूत तार सरकवून त्यांनी आधी प्रवाहाचे आलेख घेतले. पोटॅशियमचा प्रवाह सुरुवातीला रेंगाळतो आणि मग चढतो; तो वाक पकडायला चौथा घात घेतला. पाचव्या-सहाव्या घाताने आणखी नीट जुळलं असतं, पण तेवढ्यासाठी गुंता वाढवण्यात अर्थ नाही, असं १९५२ च्या निबंधात त्यांनीच सांगितलंय. म्हणजे तुला मोहवणारा तो चार आकडा आलेखावर नजर रोवून बसलेल्या दोन माणसांनी ठरवलाय. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून पुढची आकडेमोड हक्सलींनी हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर केली. आणि तुला एक फाइल उघडायचा कंटाळा?

रागावू नकोस. माझा राग तुझ्यावर नाही, चौदा नंबरवर आहे.

दोन प्रोजेक्टपैकी कुठला घेऊ, हे तू पत्राच्या शेवटी घाईत विचारलंयस. न्यूरल नेटवर्कचा चकचकीत आहे, जुन्या नोंदी निस्तरायचा कंटाळवाणा. दुसरा घे. वाचन आपोआप होईल, कारण प्रश्न तुझे असतील.

पुढच्या पत्रात धास्ती नको, मोजणी पाठव. प्रोग्रामने एकाच पेशीच्या नावावर टाकलेल्या किती स्पाइक एकमेकींपासून १ मिलिसेकंदाच्या आत आहेत? पेशीला इतक्या लवकर पुन्हा पेटता येत नाही. तशा बऱ्याच सापडल्या तर दोन पेशी एका नावाखाली कोंबल्यात, नाहीतर कुठली तरी झडप आहे. आणि तुमच्या लॅबमध्ये स्पीकर आहे का, ते पहिल्याच दिवशी विचार.