पाकीट कुणाचं, मोजलं कुणी?

मागच्या अंकात इथंच लिहिलं होतं की घरच्या इंटरनेटचे प्लॅन, स्पीड, तक्रारी यावर लिहिणाऱ्या ज्या स्वतंत्र वेबसाईटी असतात, म्हणजे कुठल्या कंपनीच्या नसलेल्या, त्या बाहेरच्या लोकांचे लेखही घेतात, आणि आपल्या सीमाभागातनं कुणी लिहीतच नाही, तर लिहा की. त्यावर आलेल्या प्रश्नांतले चार इथं घेतोय.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात एका लोकल केबल-नेटवाल्याकडं लाईनचं काम करतो. फायबर जोडणं, तुटलेली जागा शोधणं सगळं येतंय. पण मी लिहिलं तर लोक म्हणणार हा मालकाचीच बाजू घेणार. नाव बदलून लिहू काय?

उत्तर : नाव बदला हवं तर, नोकरीची भीती असते ते कळतंय, पण संपादकाला खरं नाव सांगून बदला आणि नोकरी मात्र लपवू नका. लेखाच्या अगदी वर एक ओळ टाका, "लेखक एका केबल-इंटरनेट व्यावसायिकाकडे काम करतात", झालं, मग कुणाला काय समजायचं ते समजू दे. मालकाच्या प्लॅनवर लिहायचं नाही आणि मालकाच्या स्पर्धकावर तर अजिबातच नाही, तिथं तुम्ही शंभर टक्के खरं लिहिलं तरी ते खरं वाटणार नाही.

बाकी विषय काय कमी आहेत? कणकुंबी-जांबोटीकडं पावसात झाड पडून केबल तुटते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ओटीडीआर हे यंत्र लावून फायबरमध्ये प्रकाशाचा झटका सोडायचा, तो परत यायला लागलेल्या वेळेवरनं तुटलेली जागा किती मीटरवर आहे ते काढायचं, मग रेनकोट घालून तिथं जायचं, हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार? घरातल्या डब्यावर लाल दिवा लागला म्हणजे काय, पॉवर मीटरवर प्रकाशाची ताकद उणे २७ डीबीएमच्या खाली गेली की कनेक्शन का डळमळतं, एका फायबरवरचे अडीच जीबीपीएस स्प्लिटर, म्हणजे प्रकाश वाटून देणारा भाग, लावून ३२ किंवा ६४ घरांत कसे वाटले जातात, आणि तरी रात्री नऊला नेट रडतं तेव्हा दोष बऱ्याचदा गल्लीतल्या फायबरचा नसतो तर केबलवाल्यानं वरच्या मोठ्या कंपनीकडनं विकत घेतलेल्या बँडविड्थचा, म्हणजे नेटच्या एकूण क्षमतेचा, असतो, हे सगळं लिहा. हे शेवटचं मालकाला आवडणार नाही, पण सामान्य माहिती म्हणून लिहिता येतं, कुणाचं नाव घ्यायची गरज नाही. ग्राहकांचं काही वापरू नका, फोन नंबर नको, घराचा फोटो नको.

प्रश्न : सर, मी निपाणीत इंजिनिअरिंगला आहे. आमच्याकडं २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि कधीही मोजलं तरी ९४ येतंय. कंपनी सरळ सरळ फसवतीय असा लेख लिहून एका वेबसाईटला पाठवला, स्क्रीनशॉट पण दिले. त्यांनी नऊ-दहा प्रश्न विचारून परत पाठवला. हे लोक कंपनीला घाबरतात काय?

उत्तर : घाबरत नाहीत रे, तुझा ९४ हा आकडा बघूनच त्यांना शंका आली असणार. नेट खराब असलं की आकडा कधी ४०, कधी १३०, कधी १० असा नाचतो, कायम ९४-९५ वर अडकला म्हणजे मधे कुठंतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट बसलंय. जुना राउटर असेल, किंवा लॅन केबलच्या आतल्या आठ तारांपैकी चारच जोडल्या असतील, गिगाबिटला आठही लागतात. आता यात राउटर कंपनीनंच दिला असेल तर २०० चा प्लॅन विकून १०० चा डबा दिला हा मोठा आणि खरा विषय आहे, आणि तो तुझ्या मूळ लेखापेक्षा कितीतरी चांगला आहे! पण आधी डब्याचा मॉडेल नंबर बघ.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण असे लेख इथंच मार खातात. वायफायवर मोजलेलं धरूच नको, २.४ गिगाहर्ट्झवर भिंतीआड मोजून कंपनीला शिव्या घालण्यात अर्थ नाही, लॅपटॉपला केबल लाव. सकाळी, दुपारी आणि रात्री आठ ते दहात, निदान आठवडाभर मोज, आणि टेस्टचा सर्व्हर कुठला होता तेही लिही, कारण तो कंपनीच्याच नेटवर्कमधला असला तर आकडा फार गोड येतो, बेंगळुरूचा आणि पुण्याचा दोन्ही घेऊन बघ. ब्रिटनमध्ये २०१८ पासून जाहिरातीत सरासरी म्हणून तोच स्पीड लिहिता येतो जो रात्री आठ ते दहाच्या गर्दीत निदान निम्म्या ग्राहकांना मिळतो, आपल्याकडं "अप टू" लिहून मोकळे होतात, म्हणून तर मोजणाऱ्याची किंमत जास्त. स्क्रीनशॉटवरचा आयपी पत्ता आणि ग्राहक क्रमांक खोडून टाक, तुझा खोडलेला नव्हता वाटतं.

आणि गाव लिहिताना पिन कोड दे. एकतर नावावरनं भांडण नको, आणि दुसरं म्हणजे निपाणी टेलिकॉमच्या कर्नाटक सर्कलमध्ये, म्हणजे विभागात, पलीकडं कागल महाराष्ट्र सर्कलमध्ये, तिकडचा प्लॅन बघून इकडं लिहिलं की वाचक फसतो. सिमवरच्या नेटचं मोजत असशील तर हद्दीवरच्या गावात फोन कुठला टॉवर धरतो हे आधी तपास.

आता "फसवतीय" या शब्दाचं. फसवणूक म्हणजे हेतू, आणि हेतू स्पीडटेस्टमध्ये दिसत नाही. "२०० चा प्लॅन, इतक्या वेळा मोजलं, एवढं मिळालं, कंपनीला विचारलं, त्यांनी असं सांगितलं" एवढं लिही, वाचक काय ते समजतो. कंपनीला लेखी प्रश्न पाठव, दोन-चार दिवस दे, उत्तर नाही आलं तर नाही आलं असं लिही. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, त्यात खरं आणि लोकांच्या हिताचं असेल तर सूट आहे, पण ते खरं आहे हे दाखवायला तुझ्याकडं नोंदी पाहिजेत.

प्रश्न : मी टिळकवाडीत राहते, घरून कंटेंट लिहिण्याचं काम करते. एका एजन्सीनं सांगितलं की तुमच्या लेखात आमच्या क्लायंटची लिंक नुसती घुसवा, वेबसाईटला सांगायचं काही कारण नाही, पैसे आम्ही देतो. लेख तर माझाच असणार, मग चूक काय?

उत्तर : ताई, लेख तुमचा, लिंक त्यांची आणि वाचकाला वाटणार दोन्ही तुमचंच, चूक ती. पैसे घेऊन टाकलेल्या लिंकेला "स्पॉन्सर्ड" अशी खूण लावायची सोय गुगलनं २०१९ मध्येच केलीय, ती न लावता सापडलं तर वेबसाईटचं सर्चमधलं स्थान घसरू शकतं, मग संपादक तुम्हाला परत दारात उभं करणार नाही. कायदाही आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९, त्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होतो आणि तो जाहिरात उचलून धरणाऱ्यालाही होऊ शकतो. फुकट मिळालेला राउटर, तीन महिने मोफत नेट हे पण पैसेच, तेही सांगायचं. आणि सांगायचं ते लेखाच्याच भाषेत, वर, स्पष्ट. मराठी लेखाखाली बारीक अक्षरात इंग्रजी शब्द चिकटवून ठेवणारे मी बघितलेत, ते सांगणं नव्हे, लपवणंच झालं.

एआयकडनं लिहून घेतलं तर चालेल का असंही तुम्ही विचारलंय. भाषा नीट करायला घ्या, वेबसाईट परवानगी देत असेल तर. पण दर त्याला विचारू नका. ४९९ चा प्लॅन हातात १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैशांना पडतो, वर इन्स्टॉलेशन, वर सहा महिन्यांचं ॲडव्हान्स, आणि "अनलिमिटेड" मध्ये किती जीबीनंतर स्पीड पडतो ते, हे सगळं तुमच्या पिन कोडला फोन करून विचारल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : तिकडं, म्हणजे अशा वेबसाईटवर, छापलेला लेख मराठीत करून तुमच्या मासिकाला दिला तर चालतो का? (चिकोडी)

उत्तर : तिकडं काय लिहून दिलंय त्यावर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेख आधी तुमचाच, हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. भाषांतराचा हक्क वेगळा असतो, तेव्हा मराठी भाषांतर माझ्याकडं राहील एवढं ईमेलमध्येच लिहून घ्या आणि मग खुशाल इकडं पाठवा. मानधन आम्ही थोडंच देतो, हे आधीच सांगून ठेवतो.