थालीपिठाचे साडेबाराशे

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक साताऱ्यात बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या फूड फेस्टिव्हलला दोन मैत्रिणींबरोबर थालीपिठाचा स्टॉल लावला, साडेबाराशे सुटले आणि आता म्हणतेय कॉलेज सोडते, दोन लाख द्या, धंदाच करते. तुम्ही विचारताय की हे खूळ डोक्यातून काढून तिला बँकेच्या परीक्षेला बसवू का. माझं मत विचाराल तर आत्ता दोन्ही नको.

तिच्या वहीचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. ४० रुपयांची प्लेट, ६० प्लेटा गेल्या, म्हणजे गल्ला २४००. लोणी, दही, कांदे, तेल, कागदी प्लेटा असा खर्च ११५०. उरले १२५०. पण वहीत भाजणी कुठेय? ती तुमच्या घरच्या डब्यातून गेली, ४ किलो तरी गेली असणार, विकत घेतली असती तर आठशे धरा. गॅसचे दीडशे. राहिले ३००, तिघींत शंभर शंभर, आणि वहिनी पहाटेपासून राबल्या त्याचा तर एक रुपयाही धरलेला नाही. हे तिला रागावून नाही, शेजारी बसून दाखवा. कारण हा धडा तिला ३०० रुपयांत मिळालाय, तोच दुकान गाळा भाड्याने घेऊन शिकायचा तर तुमचे दोन लाख जातील.

कॉलेजचा खरा उपयोग मला हाच वाटतो, चुका स्वस्तात होतात. आणि तुमच्या साताऱ्याला हे मी काय सांगायचं, कर्मवीर भाऊराव पाटलांनी, अण्णांनी, १९४७ ला तिथे छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते कमवा आणि शिका या विचारावरच ना. तिच्या कॉलेजात ही योजना असेल तर नाव घालू दे, स्वतः तासावर काम केलं की दुसऱ्याच्या तासाची किंमत कळते, वहिनींच्या पहाटेची पण.

दुसरं म्हणजे गॅदरिंगच्या कमिटीत जाऊ दे, पण सूत्रसंचालनाला नको, स्पॉन्सरशिप नाहीतर खजिनदारी. बाजारपेठेतल्या दहा दुकानांच्या पायऱ्या चढायच्या, आठ जण "नंतर या" म्हणणार, नवव्याला आपल्या कार्यक्रमाने त्याचं काय भलं होणार ते दोन मिनिटांत सांगायचं. मग दुसऱ्यांचे पैसे सांभाळायचे, मंडपवाल्याची पावती मागून घ्यायची, शेवटी सरांपुढे पै-पैचा हिशोब ठेवायचा. बीकॉमच्या पुस्तकात जमाखर्च आहेच की, पण मैत्रिणीनेच पावती हरवली तर तिला काय बोलायचं हे तिथे नाहीये.

ती म्हणते ना की मोठे झालेले सगळे कॉलेज सोडूनच मोठे झाले, तर तिला आयडियाफोर्जचं सांगा. आयआयटी मुंबईत शिकलेल्या पोरांनी २००७ ला सुरू केलेली ड्रोनची कंपनी, आयआयटीच्याच साईन या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्रात, वाढली आणि शेअर बाजारात लिस्ट झाली २०२३ ला. मधली १६ वर्षं कोणी रील करून सांगत नाही.

पैशाचं म्हणाल तर दोन लाख नको, कर्ज तर अजिबात नको. पाच हजार द्या, उसने म्हणून, तारीख लिहून. आठवड्यातून एकच दिवस, ऑर्डर घेऊनच थालीपीठ करायची, भाजणी घरची असली तरी बाजारभावाने वहीत लिहायची. खाण्याचं विकायचं म्हणून एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं, रजिस्ट्रेशन मात्र सुरुवातीलाच करून घ्या. सहा महिने ग्राहक परत परत येतायत असं दिसलं तर पुढे उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगांचं, रजिस्ट्रेशन वगैरे बघू. उद्यमचं सरकारी पोर्टलवर फुकट होतं, एजंट पैसे मागेल त्याला देऊ नका. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची, म्हणजे एमसीईडीची ट्रेनिंगं पण असतात, १९८८ पासूनची सरकारी संस्था आहे, सुट्टीत चौकशी करा.

बँकेची परीक्षा पदवीनंतर देता येतेच, दार कुठे बंद होतंय. फक्त तिला खूळ म्हणू नका हो. पहाटे उठून साठ प्लेटा विकणारी पोर आहे ती.

पुढच्या महिन्याची वही भरली की फोटो पाठवा, या वेळी भाजणी आणि गॅस धरून.