ट्रेलर डोलतो, दोष टायरचा की सामानाचा?

प्रश्न: माझ्या गाडीमागे एका एक्सलचा ट्रेलर आहे, सामानासकट साधारण ७०० किलो. ताशी ७० पर्यंत ठीक, पण ८० च्या पुढे गेलं की मागे नुसता डोलायला लागतो, ब्रेक मारला की आणखीनच. टायर नवीन टाकले, फरक शून्य. शिवाय रिव्हर्स घेताना दर वेळी वाकडाच जातो. काय चुकतंय?

उत्तर: टायरवर आणखी पैसे घालू नका, आधी सामान कुठे ठेवताय ते बघा. माझा अंदाज, जड वस्तू मागच्या फाळक्यालगत जातायत, कारण चढवायला-उतरवायला तेच सोपं पडतं. वजन मागे गेलं की हुकावरचा दाब कमी होतो, मग शेजारून एखादा ट्रक जोरात गेला तरी ट्रेलर डोलायला लागतो, आणि स्पीड जितका जास्त तितकं ते शांत व्हायला वेळ लागतो, एका मर्यादेनंतर तर शांत व्हायच्या ऐवजी वाढतच जातं.

साधा हिशोब असा की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यायला हवा, म्हणजे तुमच्याकडे ७० ते १०५ किलो. पण गाडीच्या मॅन्युअलमध्ये हुकाची लिमिट यापेक्षा कमी असेल तर तीच फायनल. मोजायला घरातला वजनकाटा चालतो, फक्त तो तेवढं वजन झेलणारा हवा. सपाट जागा बघा, चाकांना पुढून-मागून अडण लावा, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची, गाडीला अडकणारी पकड) नेहमीच्या उंचीवर येईल असं करा आणि ट्रेलरचा जॅक हळूहळू खाली घ्या. काटा ४० दाखवतोय? मग एखादी जड पेटी हातभर पुढे सरकवा, परत बघा. हां, सगळंच पुढे कोंबू नका, गाडीचा मागचा भाग बसतो आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते.

रस्त्यात डोललाच तर ब्रेकवर पाय नको, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि स्टीअरिंग सरळ धरून ठेवा. उलटसुलट फिरवलंत तर तुमचा हात पोचेपर्यंत ट्रेलर दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. स्पीड वाढवला की सरळ होतो म्हणणारे भेटतील, त्यांचं अजिबात ऐकू नका.

निघायच्या आधी बॉल (गाडीच्या हुकावरचा गोळा, ज्यावर कपलर बसतो) आणि कपलरची साइज एकच आहे ना बघा, थोडा लहान बॉलही बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो. लॉक केल्यावर जॅकने कपलर जरा उचला, सोबत गाडीचा मागचा भागही उचलला गेला पाहिजे. साखळ्या कपलरखालून एकमेकींना क्रॉस करून लावा, म्हणजे निसटलाच तर पुढचं टोक रस्त्यात न रुतता साखळ्यांवर पडेल. लाइट, इंडिकेटर, हवा हे तर आलंच.

रिव्हर्सचं म्हणाल तर हात स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलर जातो. छोटा ट्रेलर पटकन वळतो म्हणून अगदी थोडं थोडंच फिरवा, आणि जास्त वाकडा झाला की रेटत बसू नका, गाडी पुढे घेऊन सरळ करा नि परत मागे या.