वाचकांचे प्रश्न : बंदीपूरची बाजारपेठ डोंगरावर का वसली?

प्रश्न : पोखऱ्याच्या वाटेवर आम्ही नेपाळमधील बंदीपूर येथे एक रात्र राहिलो. आसपास जेमतेम पायऱ्यापायऱ्यांची शेती असलेल्या या डोंगरी गावात दगडी फरसबंदीची बाजारपेठ आणि कोरीव खिडक्यांची उंच घरे पाहून आश्चर्य वाटले. एवढा पैसा तिथे कुठून आला, आणि पुढे गाव मागे का पडले?

उत्तर : तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही भागांचे उत्तर बऱ्याच अंशी एकाच आजारात सापडते, तो म्हणजे हिवताप. तनहुँ जिल्ह्यातील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीच्या डोंगरधारेवर आहे. येथील मूळ वस्ती मगर जमातीची; पृथ्वीनारायण शाह यांनी १७६८-६९ मध्ये काठमांडूचे खोरे जिंकून घेतल्यानंतर त्याच खोऱ्यातील भक्तपूरकडील नेवार समाजाचे व्यापारी येथे येऊन स्थिरावले आणि घर बांधण्याची आपली रीतही त्यांनी बरोबर आणली. तिबेटकडून मीठ व लोकर यायची, भारताच्या बाजूने कापड व किराणा यायचा, आणि हा सारा माल माणसांच्या पाठीवरून डोंगर ओलांडायचा. मधल्या तराईच्या जंगलात आणि खोलगट दऱ्यांत मात्र हिवतापाचे साम्राज्य होते. नेपाळी लोक या तापाला ‘औलो’ म्हणतात, आणि त्याच्या भीतीने डोंगरातील माणसे हिवाळ्याखेरीज तराईत उतरायला धजत नसत. अशा काळात ज्या गावात डास पोहोचत नाहीत, जिथे माल सुरक्षित ठेवून ऋतू बदलेपर्यंत थांबता येते, तेच गाव पेठ होणार हे उघड आहे. बंदीपूरची उंची आज आपल्याला अडचणीची वाटते. त्या व्यापाऱ्यांचे मोठे भांडवल तीच होती.

हे बाजारातून चालताना नीट उमगते. घराच्या पुढे दगडी ओटा असतो, त्याला तिथे ‘पिँढी’ म्हणतात. त्याच्या मागे तळमजल्यावर रस्त्याकडे सताड उघडणारे दुकान आणि वर कुटुंबाचा राबता. मी पाहिलेल्या एका ओट्याची कड मधोमध गुळगुळीत झिजून किंचित खोलगट झाली होती आणि तिथेच एक आजी मक्याचे दाणे सोलत बसल्या होत्या. भरियांनी पाठीवरचे ओझे किती वेळा तिथे टेकवले असेल, या विचाराने मी बराच वेळ तिथून हललो नाही. (डोको नावाची बांबूची टोपली कपाळावरच्या पट्ट्याने पेलून माल वाहणाऱ्यांना तिकडे ‘भरिया’ म्हणतात.)

१९५८ मध्ये नेपाळमध्ये हिवताप निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, डीडीटीची फवारणी झाली आणि तराई राहण्याजोगी झाली. हजारो जीव वाचवणारी ही गोष्ट बंदीपूरच्या व्यापाराला मात्र मारक ठरली. पुढे जिल्ह्याचे मुख्यालय दमौलीला गेले, आणि काठमांडू व पोखरा यांना जोडणारा पृथ्वी राजमार्ग १९७० च्या दशकात तयार झाला तो डोंगराच्या पायथ्याशी, डुम्रेवरून. व्यापारी कुटुंबे नारायणगढसारख्या सखल भागातील गावांत उतरली आणि वर कुलूपबंद घरे उरली. मागे राहिलेल्यांनी ती पाडून सिमेंटची बांधली नाहीत, याचे एक कारण हातात पैसा नव्हता हेही असावे, असे मला वाटते. पण पर्यटक येऊ लागल्यावर हीच जुनी घरे दुरुस्त करून त्यांनी गाव पुन्हा उभे केले, आणि त्याचे श्रेय निःसंशय त्यांचेच आहे.

प्रश्न : तेथील खड्गदेवीच्या मंदिरात मूर्ती का दिसली नाही?

उत्तर : कारण तिथे पूजा होते ती तलवारीची. ही तलवार सोळाव्या शतकातील पाल्पाचा सेनवंशी राजा मुकुंद सेन याची असून ती त्याला साक्षात शंकराने दिली, अशी श्रद्धा आहे. ती वस्त्रांत गुंडाळून ठेवलेली असते आणि मंदिर दसैंच्या (नेपाळी दसऱ्याच्या) सणात, सप्तमीला येणाऱ्या फूलपातीच्या दिवशी उघडते.

प्रश्न : बाजारात गाडी नेऊ देत नाहीत असे कळले. वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना नेणे योग्य ठरेल का?

उत्तर : अवश्य न्या. डुम्रेपासून वरपर्यंत सुमारे ८ किलोमीटरचा वळणांचा रस्ता आहे आणि गाडी बाजाराच्या तोंडापर्यंत जाते. पुढची पेठ डोंगरधारेवर असल्याने बरीचशी सपाट आहे, मात्र पावसात फरशी निसरडी होते, तेव्हा चांगल्या पकडीची पादत्राणे हवीत. ठानी माईच्या टेकडीची चढण उभी आहे आणि सिद्ध गुंफेची वाटही त्यांना झेपणार नाही. ती दोन्ही ठिकाणे तुम्ही पाहून या. वडिलांना पहाटे टुंडिखेलच्या मैदानावर न्या. तिबेटला किंवा भारताच्या मैदानी मुलखात निघण्यापूर्वी व्यापारी इथेच मालाचा सौदा करत. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, खाली मर्स्याङ्दीचे खोरे धुक्याने काठोकाठ भरलेले असते आणि समोर माछापुछ्रे व मनास्लूच्या शिखरांवर ऊन चढत जाते. ते पाहण्यासाठी एक पाऊलही चढावे लागत नाही. फक्त एक शाल जवळ असू द्या.