एडिटिंगचा कॉम्प्युटर: ग्राफिक्स कार्ड पुढच्या सीझनला

प्रश्न: आम्ही पुण्यात धायरीला राहतो. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामाच्या फोटो स्टुडिओबरोबर लग्नाच्या शूटिंगला जातो आणि आता त्याला व्हिडिओ एडिटिंगच करायचं आहे. मामाकडे एक सोनी झेडव्ही-ई१० आणि नवीन घेतलेला कॅनन आर६ असे कॅमेरे आहेत, एडिटिंग ॲडोबीच्या प्रीमियर या सॉफ्टवेअरवर होतं. स्टुडिओतला कॉम्प्युटर रात्रीच मोकळा होतो, म्हणून घरी स्वतःचा हवा म्हणतो. ओळखीच्या दुकानदाराने ९२ हजारांचं कोटेशन दिलं, त्यात मॉनिटर धरलेला नाही. आमची तयारी ७५ हजारांची आहे. वरचे पैसे हप्त्याने द्या, असं दुकानदार म्हणतो. ह्यांचं म्हणणं, हा सगळा गेम खेळायचा बहाणा आहे. त्यात मुलगा कॉलेज सोडून पूर्णवेळ याच कामात उतरायचं म्हणतोय. कोटेशनचा फोटो जोडला आहे. काय करावं?
– एक आई, धायरी

ताई, नमस्कार.

कोटेशन नीट वाचलं. तुमच्या ह्यांचा संशय अर्धा बरोबर आहे. हे मशीन गेमिंगचंच आहे. पण त्यात चिरंजीवांची लबाडी दिसत नाही. दुकानात जाऊन ‘एडिटिंगला पाहिजे’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी हाच साचा पुढे येतो: मोठं ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट, चार रंगीत पंखे, आणि ज्या वस्तू डोळ्यांत भरत नाहीत तिथे काटकसर.

तुमच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर आहे इंटेल आय५-१२४००एफ. कार्ड आरटीएक्स ३०६०, त्याचे एकट्याचे २८ हजार. रॅम १६ जीबीची एकच पट्टी. एसएसडी, म्हणजे डेटा साठवायची वेगवान डिस्क, ५०० जीबी, तीही साटा, म्हणजे जुन्या, हळू प्रकारची. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, त्यापुढे फक्त ‘६०० वॅट’ लिहिलंय, कंपनीचं नाव नाही. आता यातली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट सांगतो. ती २८ हजारांचं कार्ड नव्हे. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी चिकटलेलं ते ‘एफ’ अक्षर.

इंटेलच्या प्रोसेसरमागे एफ असला म्हणजे त्याच्या आतलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं. तेवढा तो स्वस्त मिळतो. गेम खेळणाऱ्याला काही फरक पडत नाही, त्याच्याकडे कार्ड असतंच. एडिटिंगवाल्याला पडतो, कारण त्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची सोय असते. कॅमेरा व्हिडिओ दाबून, आवळून साठवतो. टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंग करताना क्लिपा लावायच्या पट्टीवर, प्ले करताना तो क्षणोक्षणी उलगडावा लागतो. हे उलगडण्याचं काम क्विक सिंक करतं.

मामांचा कॅनन आर६ सी-लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर सुधारता यावेत म्हणून फिकट रेकॉर्ड करण्याच्या पद्धतीत, शूट करतो तेव्हा फाइल एच.२६५ची (व्हिडिओ आवळायची एक पद्धत), १० बिट आणि ४:२:२ अशी तयार होते. ४:२:२ म्हणजे नेहमीच्या ४:२:० फाइलपेक्षा रंगाची माहिती दुप्पट. कलर करायला ती उत्तम, पण उलगडायला जड. एनव्हिडियाच्या ५० मालिकेच्या आधीच्या कार्डांना ही फाइल हार्डवेअरवर उलगडताच येत नाही, म्हणजे कोटेशनमधल्या ३०६०लाही नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या, एफ नसलेल्या प्रोसेसरना येते, आणि प्रीमियर त्याचा उपयोग करून घेतो. म्हणजे ९२ हजार घालूनही मामांच्या नव्या कॅमेऱ्याची क्लिप टाइमलाइनवर अडखळत चालली असती, आणि पोरगा म्हणाला असता की आणखी मोठं कार्ड पाहिजे.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका. मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. दोन्ही कॅमेऱ्यांची एकेक क्लिप त्यात उघडायला सांगा. एचईव्हीसी (एच.२६५चंच दुसरं नाव), १० बिट्स, ४:२:२ असं दिसलं की मी म्हणतो तीच फाइल. सोनीची क्लिप ८ बिट, ४:२:० दिसेल. ती बहुतेक कुठल्याही मशीनवर निभते. कॉम्प्युटर घेण्याआधी आपण रोज कोणती फाइल कापणार आहोत हे ज्याला सांगता येतं, त्याला दुकानदार सहसा गुंडाळत नाही. चिरंजीवांना हे दहा मिनिटांचं काम लावा, आणि तुम्ही दोघं शेजारी बसा.

आता काय घ्यायचं ते. भाव आठवड्याला बदलतात, विशेषतः रॅमचे, म्हणून किमती लिहीत बसत नाही. क्रम सांगतो.

प्रोसेसर आय५-१४५०० बघा, नाहीतर १३५००. नावात शेवटी एफ नको. हे १२४००पेक्षा महाग आहेत, पण दोघांनाही १४ कोअर आहेत, आणि आतलं ग्राफिक्स यूएचडी ७७० आहे. त्यात व्हिडिओ उलगडणारी दोन इंजिनं असतात. साध्या १२४०० आणि १४४००मध्ये यूएचडी ७३०, त्यात एकच. फारच ओढाताण झाली तर साधा १२४०० चालेल, दोन कॅमेरे एकाच वेळी टाइमलाइनवर लावताना तो जरा दमेल एवढंच. एएमडीचे रायझेन कोणी सुचवेल. प्रोसेसर म्हणून ते चांगलेच आहेत. पण ५००० आणि ७००० मालिकेतल्या रायझेनच्या आतल्या ग्राफिक्सला एच.२६५ची ही ४:२:२ फाइल हार्डवेअरवर उलगडता येत नाही, म्हणून या घरासाठी मी इंटेल म्हणतो.

रॅम ३२ जीबी, १६-१६च्या दोन पट्ट्या. एक पट्टी म्हणजे निम्म्या रुंदीचा रस्ता, आणि आतलं ग्राफिक्स रॅममधूनच चालत असल्यामुळे त्याला तो फरक जास्त जाणवतो. डीडीआर४ ही रॅमची जुनी पिढी, डीडीआर५ नवी. मदरबोर्ड डीडीआर४चा घेतलात तर पुढे त्यात डीडीआर५ बसत नाही, पण १२व्या ते १४व्या पिढीला दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात. बजेटमध्ये डीडीआर४ पुरेसं आहे. ज्याची जोडी त्या दिवशी स्वस्त पडेल ते घ्या.

ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊ नका. २८ हजार तिथे घालायचे ते या यादीत वाटले की सगळं ७५च्या आत बसवायला जागा होते. कार्डाशिवाय प्रीमियरमध्ये कटिंग, साउंड, टायटल, साधं कलर व्यवस्थित होतं. जड इफेक्ट आणि नॉइज रिडक्शनला वेळ लागेल, तेवढा लागू दे. एक अडचण मात्र खरी आहे. मुलाला दाविंची रिझॉल्व्ह वापरायचं असेल तर त्याची मोफत आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंत चालते आणि शिकायला फार छान आहे, पण ते सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर टेकून उभं असतं, कार्डाशिवाय धापा टाकतं. मामाकडे प्रीमियर आहे, मुलाचं काम मामाकडून येणार आहे, तेव्हा पहिलं वर्ष प्रीमियर. त्याचं भाडं दर महिन्याला असतं, ते हिशोबात धरा. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ॲडोबी सवलत देते. क्रॅक केलेली कॉपी टाकायला दुकानदार फुकट तयार होईल, नको म्हणा. त्या मशीनवर लोकांच्या लग्नांचा डेटा असणार आहे.

पुढच्या लग्नसराईत मुलाने स्वतः कमावलं की स्वतःच्या पैशाने कार्ड बसवावं. त्या वेळी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन आतलं ग्राफिक्स चालू ठेवायचं. बऱ्याच बोर्डांवर कार्ड बसवल्यावर ते आपोआप बंद होतं, आणि मग लोक म्हणतात कार्ड घेतलं तरी फरक नाही.

स्टोरेजचा हिशोब कोणीच करत नाही, म्हणून इथे करून दाखवतो. सोनीवर १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येकी तीन तासांचं रेकॉर्डिंग: एका लग्नाचे २७० जीबी, आणि कॅननची फाइल त्याहून जड असते. कोटेशनमधल्या ५०० जीबीत विंडोज, प्रीमियर आणि त्याची कॅश (कामापुरत्या तात्पुरत्या फाइली) बसवल्यावर दुसरं लग्न मावत नाही. एनव्हीएमई एसएसडी घ्या, १ टीबी. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, तिसऱ्या जनरेशनची एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जाते, आणि किमतीत फार अंतर नसतं. झालेल्या कामासाठी मोठी साधी हार्ड डिस्क. मूळ फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर असल्याशिवाय कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं नाही, हे मामांनी शिकवलं असेलच. नसेल तर मामांनाही सांगा. सप्तपदी परत शूट करता येत नाही.

मॉनिटरचे पैसे कोटेशनच्या बाहेर ठेवले होते, ते मला सगळ्यात खटकलं. चोवीस इंची, आयपीएस पॅनेलचा (बाजूने बघितलं तरी रंग बदलत नाहीत असा), एसआरजीबी, म्हणजे नेहमीच्या पडद्यांसाठी ठरलेले रंग, पूर्ण दाखवणारा असा घ्या. शालू राणी रंगाचा आहे की लाल, हळद लावलेला चेहरा पिवळा दिसतोय की आजारी, हे ज्या पडद्यावर कळत नाही त्यावर कलर करून काय उपयोग? नवरीकडच्या मावशा बरोबर ओळखतात.

एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) लिहिलेला, ५५० ते ६५० वॅटचा. पुढचं कार्डही त्यावर चालेल. बिननावाचा एसएमपीएस जळताना कधीकधी बोर्ड घेऊन जळतो. आणि यूपीएस हवाच. सहा तासांचं एक्स्पोर्ट, म्हणजे तयार फिल्मची फाइल बनवणं, पावणेसहा तासांवर असताना महावितरणने हात दाखवला की काय होतं ते पोराला अनुभवाने कळायला नको. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. धायरीचा एप्रिल-मे आणि पुढून काच असलेलं कॅबिनेट यांचं जमत नाही. रंगीत दिवे हवे असतील तर त्याने ते स्वतःच्या पॉकेटमनीतून लावावेत, त्यावर वाद घालू नका.

खरेदीला तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जा, पण शनिवारी संध्याकाळी नको, तिथे तेव्हा पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानदारालाही बोलायला वेळ नसतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. एकच यादी तीन दुकानांत द्या आणि प्रत्येकाकडून वस्तूनिहाय भाव लिहून घ्या, १८ टक्के जीएसटी धरून. ‘सगळं मिळून एवढे’ असं कोटेशन घेऊच नका. प्रोसेसर बॉक्स-पॅक मागा, ट्रे पीस, म्हणजे खोक्याशिवायचा सुटा, नको. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर पाहिजे, कारण वॉरंटी बिलावर चालते, ओळखीवर नाही. तुमचा ओळखीचा दुकानदारही या यादीत भाव देऊ शकतो, त्याच्याशी वैर नाही. फक्त असेंबल करताना मुलाला तिथे उभं राहू द्या. रॅम कुठे बसते आणि स्क्रू किती आवळायचा हे बघितलेला मुलगा पुढे किरकोळ बिघाडासाठी तुमच्याकडे पैसे मागत नाही.

हप्ते नकोत. ज्या कामातून अजून नियमित पैसे येत नाहीत त्याच्या अवजारावर दर महिन्याचा हप्ता बसला की पोरगं मिळेल ते काम, मिळेल त्या भावात उचलायला लागतं. लग्नाचं काम तसंही वर्षभर नसतं. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, हप्ता मात्र असतो. त्या महिन्यांसाठी दुसरीकडे बघायला सांगा. चाकण-भोसरीच्या कंपन्यांना ट्रेनिंगचे, सेफ्टीचे, प्लांट दाखवणारे व्हिडिओ लागतात. क्लासवाल्यांची लेक्चर्स असतात, दवाखान्यांची रील्स असतात. दिसायला रुक्ष काम, पण बिल वेळेवर निघण्याची शक्यता मांडवापेक्षा जास्त.

गेमिंगबद्दल ह्यांना एवढंच सांगा: मी सुचवलेल्या मशीनमध्ये कार्ड नाही, त्यामुळे मोठे गेम नीट चालणारच नाहीत. या यादीवर मुलगा नाराज झाला तर त्यांचा संशय खरा धरा. खूश होऊन क्लिपा मीडियाइन्फोत टाकायला बसला तर त्यांनी पुन्हा तो विषय काढू नये.

कॉलेजचं उत्तर सोपं आहे: सोडायचं नाही. लॉ कॉलेज रोडवर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, आहे. तिथे एडिटिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, टीव्ही विभागात व्हिडिओ एडिटिंगचा एक वर्षाचा आहे. दोन्हींना प्रवेश परीक्षा आहे आणि दोन्हींना पदवी लागते, कुठल्याही शाखेची चालते. बी.कॉम. सोडलं तर घरापासून तासाभरावरचं ते दार तो स्वतःच बंद करून घेईल. तिथे प्रवेश मिळेलच असं नाही, जागा थोड्या असतात. पण तोवर सकाळी कॉलेज, संध्याकाळी टाइमलाइन आणि मुहूर्ताच्या दिवशी मामा, असं दीड-दोन वर्षं सहज जमतं. या काळात त्याने तीन गोष्टी पुऱ्या कराव्यात: एका लग्नाची पाच मिनिटांची फिल्म, एका कारखान्याचा किंवा दुकानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, आणि गाणं न लावता नुसत्या आवाजांवर कापलेलं काहीतरी, अगदी मंडईतली सकाळ चालेल. तिसरं सगळ्यात अवघड जाईल. नोकरीसाठी कोणाला भेटायला गेला तर तेच आधी दाखवायला सांगा.